आपल्या कापसात अमेरिका किती?

दारव्ह्याकडच्या एका तरुण शेतकऱ्याने विचारलं आहे: "गावातला व्यापारी म्हणतो, अमेरिकेत भाव पडला म्हणून तुमचा कापूस क्विंटलमागे दोनशेने उतरला. हे खरं, की भाव पाडायची सबब? आणि बियाणं त्यांचं, भाव त्यांचा, तर आपल्या हातात नेमकं काय आहे?"

माझी हयात कापसातून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये आणि रुईच्या सौद्यांत गेली. व्यापाऱ्याचं बोलणं बरंचसं खरं आहे. पण क्विंटलमागे दोनशे उतरायला न्यूयॉर्क किती पडावं लागतं, हा हिशेब त्याने तुम्हाला दिला नाही आणि तुमच्या कामाचा तोच आहे. आधी तो मांडतो.

जगभर रुईचा भाव बोलला जातो तो अमेरिकन सेंटमध्ये, पाउंडामागे. न्यूयॉर्कच्या आयसीई बाजारात कापसाचा वायदा चालतो, एक सौदा ५० हजार पाउंडांचा. धंद्यात त्याला कुणी आयसीई म्हणत नाही, "न्यूयॉर्क कितीवर?" एवढंच विचारतात. आपल्याकडे रुईचं माप खंडी, ती ३५६ किलोची, म्हणजे ७८५ पाउंडांच्या आसपास. न्यूयॉर्क ६५ सेंट आणि डॉलर ८८ रुपये धरला, तर खंडी जाते जवळपास ४४,९०० रुपयांवर, म्हणजे रुई किलोला १२६ रुपये. एक क्विंटल कापसातून चांगला उतारा असेल तर ३४ किलो रुई निघते, ६४ किलोच्या आसपास सरकी, बाकी घट. रुईचे झाले ४,२८४ रुपये. सरकी सोयीसाठी ३४ रुपये किलो धरू, तिचे २,१७६. बेरीज ६,४६०. त्यातून जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वाहतूक, सेस, व्याज मिळून तीनेकशे रुपये वजा करा. उरले ६,१५० च्या आसपास. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० आहे. मधल्या फरकाकडे बघितलं की हमीभावाने खरेदी करणाऱ्या सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रांवर गाड्यांच्या रांगा का लागतात ते वेगळं सांगावं लागत नाही.

आता याच हिशेबातून दोनशे रुपयांचं बघा. न्यूयॉर्क एक सेंट हललं की तुमच्या कापसात क्विंटलमागे साधारण ६५ रुपयांचा फरक पडतो. दोनशे रुपये उतरायला न्यूयॉर्क तीन सेंट पडावं लागतं, आणि एका दिवसात तीन सेंट पडणं ही रोजची गोष्ट नाही. उलट सरकी किलोला एक रुपयाने उतरली तरी क्विंटलमागे ६४ रुपये जातात. सरकीचा भाव ठरतो अकोल्याच्या ढेपेवर, तेलाच्या बाजारावर आणि दुभत्या जनावरांच्या मागणीवर. त्यात न्यूयॉर्कच्या रुईचा हात नाही. तेव्हा व्यापारी अमेरिकेचं नाव घेईल त्या दिवशी त्याला दोन आकडे विचारा: न्यूयॉर्क किती सेंट पडलं, आणि सरकी आज काय आहे. दोन्ही मोबाईलवर मिळतात. माझा अनुभव असा की भाव उतरतो तेव्हा अर्धा वेळ कारण सरकीत असतं आणि नाव अमेरिकेचं निघतं. न्यूयॉर्क चढलं त्या दिवशी मात्र ते नाव सहसा कुणी काढत नाही.

पण मूळ प्रश्न उरतोच. भाव न्यूयॉर्कलाच का ठरावा? कापूस पिकवण्यात भारत आणि चीन अमेरिकेच्या पुढे आहेत. एकट्या महाराष्ट्रात ४० लाख हेक्टरच्या आसपास कापूस असतो, सगळ्या अमेरिकेचा पेराही साधारण तेवढाच. फरक असा की त्यांच्या बहुतेक सूतगिरण्या कधीच्याच बंद पडल्या आणि पिकलेली बहुतेक रुई ते बाहेर विकतात. कित्येक दशकं जगातले सर्वांत मोठे निर्यातदार तेच होते, २०२३-२४ मध्ये ब्राझीलने त्यांना मागे टाकलं. तरी ब्राझीलची रुईही विकली जाते ती "न्यूयॉर्कच्या वर इतके, खाली इतके" अशीच. निर्यातीत मागे पडूनही अमेरिकेने माप आपल्या हातात ठेवलं आहे.

माप म्हणतो ते शब्दशः. अमेरिकेत प्रत्येक गाठीतून नमुना काढून तो सरकारी प्रयोगशाळेत तपासला जातो. धाग्याची लांबी, ताकद, मायक्रोनेअर (म्हणजे धाग्याचा बारीकपणा आणि पक्वता), रंग, कचरा हे सगळं गाठीच्या नंबरावर नोंदलेलं असतं. सूतगिरणीचा खरेदीदार व्हिएतनाममध्ये बसून तो कागद बघतो आणि गाठ न उघडता पैसे पाठवतो. आमच्याकडे काय होतं? शंभर गाठींच्या लॉटमधून चार-दोन नमुने निघतात, त्यावर वाद होतो, ओलाव्यावर वाद होतो, आणि मग रुईत प्लास्टिकची सुतळी, खताच्या गोणीचा धागा, केस, गुटख्याची पुडी सापडते. हे धागे सुतात गेले की रंगाईत डाग उठतो आणि अख्खा तागा बाद होतो. म्हणून कित्येक गिरण्या परदेशी रुई महाग पडली तरी घेतात. आपली रुई निसर्गाने कमी दिलेली नाही. नोव्हेंबरातल्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीचा आपल्या काळ्या जमिनीतला कापूस कुठल्याही देशाच्या कापसाशेजारी ठेवावा असा असतो. वेचल्यापासून गाठ बांधेपर्यंत आपण त्याची किंमत घालवतो.

आकड्यांचंही तसंच. अमेरिकेचं कृषी खातं दर महिन्याला जगाच्या पिकाचा अंदाज काढतं. आपल्याकडे तो उन्हाळ्याच्या वेळेनुसार रात्री साडेनऊला येतो, त्यांची घड्याळं मागे गेली की साडेदहाला. हंगामात त्या रात्री आमच्या धंद्यातला कुणी लवकर झोपत नाही. त्या अहवालात भारताचं पीकही असतं. आपल्याकडे सरकारी अंदाज एक, व्यापारी संघटनेचा दुसरा, आणि दोन्ही हंगामभर बदलत राहतात. त्यामुळे आपलं पीक किती आलं हे जगही त्यांच्या अहवालातून वाचतं, आणि बऱ्याचदा आपणही.

हे नातं आजचं नाही. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग मुंबई बंदरातून गाठी निघाल्या. हिंगणघाटच्या बनी कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात बोललं जाऊ लागलं. मुंबईत पैशाचा इतका पूर आला की बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपनीच्या शेअरवर सट्टा खेळला गेला. प्रेमचंद रायचंद त्या काळचे मोठे सटोडिये. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला, आईच्या नावाने. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळला आणि पेढ्या, कंपन्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही त्या धक्क्यातून सावरली नाही.

मुंबईत दिवाळी आणि दिवाळं दोन्ही झालं, ते पुस्तकांत येतं. वऱ्हाडात जे झालं ते जास्त काळ टिकलं. रेल्वे नागपूरपर्यंत १८६७ मध्ये पोचली. खामगावला कापसासाठी वेगळा फाटा टाकला, तो १८७० मध्ये सुरू झाला. युद्ध संपलं तरी कापसाचा पेरा मागे हटला नाही, कारण शेतसारा रोख भरायचा होता आणि सावकारही कापसावरच उसने देत होता. ज्वारीच्या रानात कापूस शिरला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडाचे किती हाल झाले ते वाचलं की समजतं, रोखीच्या पिकावर उभा असलेला मुलूख धान्य महागलं की किती उघडा पडतो. दूरच्या देशातल्या लढाईने आमच्या शेताची घडी बदलली आणि लढाई मिटल्यावर ती घडी परत बसली नाही.

बियाण्याची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. आपला मूळचा कापूस गावरानी: आखूड धाग्याचा, खोल मुळांचा, पावसाने दगा दिला तरी तग धरणारा. लँकेशायरच्या यंत्रांना लांब धागा हवा होता, म्हणून कंपनी सरकारने १८४० च्या सुमारास अमेरिकेतून मळेवाले आणले, बियाणं आणलं. ते धारवाडकडे रुजलं, बाकी ठिकाणी फारसं टिकलं नाही. खरा बदल झाला स्वातंत्र्यानंतर. लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध आणि पश्चिम पंजाब पाकिस्तानात गेला, गिरण्या मात्र मुंबई-अहमदाबादला राहिल्या. मग सरकारनेच अमेरिकन जातीचा कापूस वाढवला. १९७० मध्ये सुरतच्या केंद्रावर सी. टी. पटेल यांनी एच-४ हा संकरित वाण काढला, कापसातला जगातला पहिला व्यापारी संकरित वाण. नांदेडचा एनएचएच-४४ पुढे विदर्भ-मराठवाड्यात घरोघर गेला. म्हणजे बीटी, बोंडअळीला मारणारं जनुक घातलेलं बियाणं, यायच्या कितीतरी आधी आपल्या शेतातला कापूस जातीने अमेरिकन झाला होता, आणि तो आपल्याच शास्त्रज्ञांनी कष्टाने इथल्या मातीत बसवला होता. हे काम कमी लेखू नये.

बीटी आलं २००२ मध्ये. जनुक अमेरिकेच्या मोन्सॅन्टोचं, भागीदार आपल्या जालन्याची महिको. ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशे रुपयांच्या घरात, त्यातले बाराशेच्या वर निव्वळ तंत्रज्ञानाचे. २००६ मध्ये आंध्र सरकार भांडलं तेव्हा पाकीट साडेसातशेवर आलं. पुढे केंद्राने किंमत आपल्या हाती घेतली आणि तंत्रज्ञानाची रॉयल्टी कमी करत करत २०२० मध्ये शून्यावर आणली. मोन्सॅन्टो २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने विकत घेतली, तेव्हा कागदावर ती अमेरिकन कंपनीही राहिली नाही.

सुरुवातीची वर्षं चांगली होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. हिरव्या बोंडअळीने बेजार झालेल्या शेतकऱ्याची फवारणी कमी झाली. देशाचा उतारा हेक्टरी ३०० किलो रुईच्या आसपास होता, तो २००७-०८ पर्यंत साडेपाचशेवर गेला. आयात करणारा देश निर्यातदार झाला. त्यात सिंचन, नवी कीटकनाशकं, चांगला पाऊस यांचाही वाटा होता, पण बीटीचा होताच.

मग गुलाबी बोंडअळी आली. २०१० पर्यंत गुजरातमध्ये ती पहिल्या, एका जनुकाच्या बीटीला दाद देईनाशी झाली, पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्या, दोन जनुकांच्या बीटीलाही. २०१७ मध्ये यवतमाळ, परभणी, जळगाव, कुठेही जा, बोंड फोडलं की आत अळी. जिनिंगला येणारा कापूस पिवळा, कवडी, म्हणजे अळीने बिघडलेला कापूस, जास्त, सरकी पोखरलेली. ढिगात हात घातला की पीठ झालेली सरकी बोटांना लागायची. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. बीटी आलं होतं फवारणी थांबवायला, आणि माणसं गेली ती फवारणी करताना.

याच्या पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, अमेरिकेने जाहीर केलं की त्यांच्या देशातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झालं. अळी तीच, जनुकही तेच. मग त्यांच्याकडे ती संपली आणि आपल्याकडे माजली, असं का झालं?

तिथे बीटी सरळ वाणात आहे. आपल्याकडे ते फक्त संकरित वाणात दिलं गेलं. संकरित बी पुढच्या वर्षी पेरता येत नाही, म्हणजे दरवर्षी पाकीट विकत घेणं आलं. बी राखून ठेवू नये असा शेतकऱ्याशी वेगळा करार करायची कंपनीला गरजच उरली नाही. त्याहून वाईट हे की संकरित झाडाच्या बोंडातल्या सगळ्या सरक्यांत जनुक उतरत नाही, एका जनुकाचा हिशेब केला तर साधारण चौथा हिस्सा त्याच्याविना राहतो. अळी त्या सरकीवर जगते, थोडं विष चाखते आणि पिढ्यान्‌पिढ्या सरावते. दुसरं, आपल्या वाणांचा काळ लांबलचक. जूनमध्ये लावलेली पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, फरदडीसाठी, हंगामानंतरच्या जादा वेचणीसाठी, मार्चपर्यंत उभी. अळीला वर्षभर जेवण. ॲरिझोनात कापूस निघाला की ठरलेल्या तारखेच्या आत झाडं जमिनीत गाडणं कायद्याने बंधनकारक, त्यावर विमानातून नपुंसक पतंग सोडले, आणि सरकार, विद्यापीठ, शेतकरी संघटना या सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं ते निभावलं.

आपल्याकडे पाकिटासोबत १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, बिगर-बीटीची, बांधाच्या कडेने लावायला. अळीत प्रतिकारशक्ती पसरू नये म्हणून आसरा. ती पुडी कितीतरी शेतांत धुऱ्यावर पडलेली मी पाहिली आहे, न फोडलेली. शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण ज्याच्याकडे चारच एकर आहेत त्याने त्यातल्या पाचव्या हिश्शावर अळीसाठी कापूस लावावा, तोही फुकट, हे कुणी त्याला नीट समजावलं नाही आणि नुकसानीची हमीही दिली नाही. अमेरिकेतून आपण बाटलीतलं औषध आणलं, डॉक्टर आणला नाही. माझ्या मते अमेरिकेच्या प्रभावाची खरी जखम ही आहे: वस्तू आली, तिच्याभोवतीची शिस्त, देखरेख आणि पाठबळ आलं नाही. कंपनीला ते आणायची घाई नव्हती आणि आपल्या सरकारांनी ते मागितलं नाही.

भावातही तीच तऱ्हा. ऑक्टोबर २००१ मध्ये न्यूयॉर्क ३० सेंटच्याही खाली गेलं. तिथला शेतकरी तरीही पेरत राहिला, कारण सरकार अब्जावधी डॉलर देऊन फरक भरून काढत होतं. त्यामुळे पीक कमी झालं नाही आणि भाव वर यायला वेळ लागला. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि खटला जिंकला. २०१४ मध्ये शेवटची तडजोड म्हणून अमेरिकेने ब्राझीलला ३० कोटी डॉलर मोजले. माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड या चार गरीब देशांनी २००३ मध्ये कानकूनच्या परिषदेत हेच गाऱ्हाणं मांडलं. त्यांच्या पदरात जवळपास काही पडलं नाही. भारताचं आयातशुल्क त्या काळात अगदी कमी होतं. स्वस्त रुई बंदरावर उतरत होती आणि तेव्हाच आपल्या राज्याची एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच घ्यायची पद्धत, तोट्याने मोडकळीला आली होती. विदर्भातल्या आत्महत्यांची कारणं अनेक आहेत, कर्ज, कोरडवाहू शेती, आजारपण, पण त्या वर्षांतला भाव त्यातून वगळता येणार नाही.

आणि २०२५. ऑगस्टच्या शेवटी अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं. आपल्या कपड्यांचा सर्वांत मोठा ग्राहक तोच देश, तिरुपूरपासून सोलापूरच्या टॉवेलपर्यंत सगळे धास्तावले. त्याच्या आठवडाभर आधी केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू, आणि तो समजण्यासारखा आहे. पण मुदत बघा: ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे तुमच्या वेचणीचे आणि विक्रीचे नेमके महिने. आलेली रुई फक्त अमेरिकेची नव्हती, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, सगळीकडून आली. शुल्क अमेरिकेने कपड्यावर लावलं आणि त्याचा भार इथे कापूस पिकवणाऱ्यावर सरकवला गेला. हा निर्णय वॉशिंग्टनचा नव्हता, दिल्लीचा होता. शुल्क काढायचंच होतं तर आधी हमीभावाची पुरेशी केंद्रं उघडायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. सीसीआयला विकायचं असेल तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मुदतीत करा आणि सातबाऱ्यावर कापसाचा पेरा चढला आहे का ते ई-पीक पाहणीत तपासा, कारण तिथेच सर्वांत जास्त लोक अडकतात. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावातून कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. म्हणून पहाटेचं दव सुकल्यावर वेचा आणि गाडी भरायच्या आधी दोन दिवस ऊन द्या. पहिली वेचणी वेगळी ठेवा, कवडी त्यात मिसळू नका. वेचणीला खताच्या गोण्या बंद करा, सुती पिशव्या वापरा. एवढ्याने गावात जास्त भाव मिळेलच असं नाही, पण गावातली पंधरा-वीस घरं एकत्र आली आणि स्वच्छ लॉट थेट जिनिंगला नेला तर बोलणी बरोबरीने होतात. मी स्वतः अशा लॉटला गाववाल्या भावापेक्षा जास्त दिलेले आहेत, कारण रुईला गिऱ्हाईक लगेच मिळतं.

साठवायचं की विकायचं, हे न्यूयॉर्क बघून ठरवू नका, निदान एकट्या न्यूयॉर्कवर नको. सरकी चढती असेल आणि सीसीआयची खरेदी जोरात असेल तर थोडं थांबता येतं. कर्जाचं व्याज महिन्याला दोन टक्क्यांनी चढत असेल तर थांबण्यात फायदा नाही, मग न्यूयॉर्क कितीही चढो.

आणि पुढच्या खरिपाला कमी दिवसांचा वाण घ्या, दाट लावा. अकोल्याकडच्या काही शेतकऱ्यांनी दाट लागवडीत चांगला उतारा काढला आहे, त्यांच्या शेतावर जाऊन या. जूनमध्ये पुरेसा पाऊस झाल्यावरच पेरा, पावसाआधीची धूळपेरणी टाळा. फुलं लागली की डोमकळ्या, म्हणजे अळी लागून नीट न उमललेली फुलं, वेचून नष्ट करा, पतंग पकडायला एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटून रान मोकळं करा. फरदडीचे दोन क्विंटल सोडणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण त्या दोन क्विंटलांवर पोसलेली अळी पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या रानातही जाते, म्हणून हे एकट्याने करून उपयोग नाही. ग्रामसभेत ठराव घ्या आणि तारीख ठरवा. कृषी सहायकांना त्या सभेला बोलवा, ट्रॅक्टरला जोडायचा पऱ्हाटी बारीक करणारा श्रेडर अनुदानावर किंवा भाड्याने कुठे मिळतो ते त्यांच्याकडून लिहून घ्या.